चेमेरिकेच्या रानातली लिंचुरा

ओब्रेन माझा सख्खा दीर, हे आधीच सांगून टाकते. पुढे कोणी म्हणायला नको, की रादोयकाने घरचं माणूस म्हणून सांभाळून घेतलं. बारा वर्षं सांभाळून घेतलं, तेवढं पुरे झालं.

गोष्ट मात्र त्याची नाही. एखाद्याची गोष्ट सांगावी इतका तो मोठा कधीच नव्हता. गोष्ट स्तोयाची. ठेंगणी, रुंद मनगटांची, बोलायला लागली की समोरच्याला घाम फोडणारी बाई. नदीपलीकडच्या गावातून लग्न होऊन आली तेव्हा माहेरून काय आणलं, तर दोन गोधड्या, एक कुदळ आणि आईने शिकवलेली झाडपाल्याची ओळख. तिची सासू येव्रा कुदळ बघून म्हणाली होती, "सून आणली की मजूर?" स्तोया म्हणाली, "सासूबाई, दोन्ही. एकाच्या खाण्यात दोघी."

उन्हाळ्यात आम्ही मेंढ्या घेऊन वर डोंगरावरच्या लाकडी झोपड्यांत राहतो. त्या वस्तीला कातून म्हणतात. तिथल्या उतारावर लिंचुरा होते आणि तिच्या शेजारी, पानाला पान लावून, चेमेरिका. लिंचुराचं मूळ राकियात, म्हणजे आमच्या फळांच्या दारूत, मुरवून घोटभर घेतलं की बिघडलेलं पोट ताळ्यावर येतं. चेमेरिकेचं मूळ तसंच मुरवून घेतलं तर माणूसच जातो. पण तिलाही नावं ठेवून चालत नाही. तिचं मूळ उकळून त्या पाण्याने मेंढ्यांची खरूज जाते, उवा जातात. म्हातारे लोक ते चरबीत कालवून आखडलेल्या गुडघ्यांना चोळतात. फक्त तोंडात जाऊ द्यायचं नाही.

दोघी ओळखायच्या त्या पानांवरून. लिंचुराची पानं जोडीने येतात, एकमेकींच्या समोरासमोर. चेमेरिकेची एक इकडे वर, एक तिकडे खाली, रुसलेल्या जावांसारखी. जुलैत फूल आलं की प्रश्नच मिटतो. लिंचुरा पिवळीधमक, चेमेरिका हिरवट पांढरी. पण मूळ खणायचं सप्टेंबर संपता संपता, जेव्हा पान सुकून गळालेलं असतं आणि उभा असतो तो नुसता तपकिरी दांडा. तेव्हा दोघींचे दांडे सारखेच. म्हणून आमच्याकडची रीत अशी, की फुलं असतानाच लिंचुराच्या दांड्याला आपापल्या घरच्या रंगाचा लोकरी धागा बांधून ठेवायचा. आमचा धागा निळा, स्तोयाच्या घरचा लाल. दुसऱ्याच्या धाग्याला हात लावायचा नाही. मेंढी चोरलेला माणूस आमच्यात नांदू शकतो, धाग्याला हात लावलेला नाही.

दुसरी रीत मूळ काढतानाची. सगळं मूळ काढायचं नाही. वरचा कोंबाचा तुकडा परत मातीत पुरायचा, म्हणजे काही वर्षांनी झाड पुन्हा उभं राहतं. हे कोणी चुकवत नाही. आमच्या घरात तर सासऱ्यांपासूनची सवय, की पुरलेल्या कोंबाभोवती तीन दगड उभे रोवायचे, म्हणजे मेंढीचा पाय पडत नाही. बाकीचे लोक यावरून आम्हाला हसायचे. चूल मांडताय की झाड लावताय, म्हणून विचारायचे.

आता ओब्रेन. तो स्वतःला डोंगरातला पहिल्या नंबरचा खणणारा समजायचा. आणि स्तोया आल्यापासून दर वर्षी मुळं विकायच्या दिवशी तिचं पोतं त्याच्या पोत्याहून जड निघायचं. लोक त्याला चिडवायचे, "ओब्रेन, पुढच्या वर्षी तिच्या पोत्यात बसून ये, तरच तुझं वजन वाढेल." तो हसायचा. घरी येऊन दाराला लाथ मारायचा.

त्या वर्षी स्तोयाला दिवस गेले होते. जुलैत तिने वरच्या उतारावर नऊ झाडांना लाल धागे बांधले. सप्टेंबरात तिच्याने चढण चढवेना. तिचा नवरा मिलिसाव शहरात कारखान्यात कामाला होता. बायकोचं बाळंतपण म्हणून रजा घेऊन आला होता. लहानपणापासून तो शहरात शिकायला, मग कारखान्यात. त्याला मेंढी आणि बकरी यांतला फरक कळायचा हेच खूप. पण जीव लावणारा माणूस. "तू फक्त धाग्याचा रंग सांग, बाकी मी बघतो," म्हणाला, आणि नऊच्या नऊ झाडं खणून घेऊन आला. मुळांना फुटलेली पांढऱ्या तंतूंची दाढी त्याने ओढ्यावरच कापून टाकली. बायकोला स्वच्छ माल दाखवायचा होता ना. सात मुळं माळ्यावर वाळत टाकली, दोन चिरून राकियात घातली. माळ्याची शिडी चढायच्या स्थितीत स्तोया नव्हती.

लेक झाली. येला. सहाव्या दिवशी सकाळी मिलिसाव पोटात कळ आली म्हणून बाटलीतला मोठा पेला अनशापोटी प्यायला. तीन तासांत गेला. ओकून ओकून थंड पडला, छातीतली धडधड मंद होत होत थांबली. स्तोया बाजूच्या खाटेवर बाळंतीण होती, तिला सगळं दिसत होतं.

मग माळ्यावरची सात मुळं खाली आणली. मोडून बघितली तर आतून पांढरी, सातही चेमेरिकेची.

धागा कोणी बांधला होता? स्तोयाने. मग आणखी काय बघायचं? सगळे बोलले. लोभाला पडली, फूल यायच्या आधीच घाईने धागे बांधून ठेवले, आणि पान ओळखायला चुकली. मीही बोलले. खोटं कशाला सांगू. स्तोया एकच वाक्य म्हणत राहिली, "मी पिवळ्या फुलाला धागा बांधला होता." येव्रा म्हातारीने मयताच्या समोर तिच्या अंगावर ओरडून सांगितलं, "माझ्या पोराला तू मारलंस. या पोरीला तुझ्या हातचं पाणी मिळणार नाही."

आणि म्हातारीने ते खरं केलं. अंगावरचं दूध सुटल्यापासून येला आजीकडेच. घर एकच, चुली दोन. पोर आईच्या चुलीवरचं काही खायची नाही, तिच्या हातून पेला घ्यायची नाही. चार वर्षांची असताना मी स्वतः बघितलंय. स्तोयाने दुधाची वाटी पुढे केली, तर पोरीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. स्तोया ती वाटी घेऊन कितीतरी वेळ तशीच उभी होती. त्या दिवशी मला तिची कीव आली. पण कीव येऊन काय होतं, मी घरी जाऊन चीज वळायला बसले.

लोकांची गंमत बघा. स्तोयाच्या घरचा पाव कोणी खायचं नाही, पण मेंढ्यांना खरूज झाली की चेमेरिकेचं पाणी न्यायला सगळे तिच्याच दारात. उकळायचं किती, पातळ करायचं किती, हे तिच्यासारखं कोणालाच यायचं नाही. ओब्रेनही यायचा. ती त्याला डबा भरून द्यायची, वर सांगायची, "जपून हं ओब्रेन, हात धुऊनच जेव." मी म्हणायचे, काय मनाची बाई आहे. मला कुठे माहीत, की ती तेव्हा वर्षं मोजत होती.

हे मला कळलं बाराव्या वर्षी, पेत्रोवदानच्या आदल्या दिवशी. पेत्रोवदान म्हणजे जुलैतला आमचा सण, सगळं कातून एका जागी येतं. भर दुपारी स्तोया माझ्या झोपडीत आली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"रादोयका, चल," म्हणाली. "काहीतरी दाखवायचंय."

मी गेले. वरच्या उतारावर, जिथे मिलिसावने ती मुळं खणली होती. त्या जागेला लोक बारा वर्षं फिरकले नव्हते. अपशकुनी म्हणायचे, मेंढ्याही वळवून न्यायचे. तिथे चेमेरिकेचं रान माजलं होतं, हिरवट पांढरं. आणि त्या रानात सात पिवळे दांडे उभे होते. गळ्यापर्यंत पिवळ्या फुलांच्या माळा.

"मोज," स्तोया म्हणाली. "दोन कुजली असतील. नऊ होती."

लिंचुरा इथे होती. म्हणजे स्तोयाचे धागे बरोबर होते. म्हणजे कोणीतरी ती नऊ झाडं आधी खणून नेली, कोंब परत पुरले, आणि लाल धागे सोडून शेजारच्या चेमेरिकेला बांधून ठेवले. झाडं नुसती गायब झाली असती तर बोंब झाली असती, शोध झाला असता. धागे जागेवर असले की चूक स्तोयाची, आणि हसतील ते तिला.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"चौथ्या वर्षी. जोडीची पानं दिसली."

"मग आठ वर्षं गप्प बसलीस? का गं?"

"पान कोणी ओळखलं असतं? मी. आणि माझ्या ओळखीवर विश्वास कोण ठेवणार होतं, तू?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. "फूल येईपर्यंत थांबले. फूल येव्रा म्हातारीच्या मोतीबिंदूलाही दिसतं. दर उन्हाळ्यात येऊन कुंपणासारखं काटेरी झुडूप लावून जायचे, कोणाच्या मेंढीने खाऊ नये म्हणून."

मग तिने एका झाडाच्या बुंध्याशी गवत बाजूला केलं. तीन दगड. उभे रोवलेले.

मी दगडांना हात लावून बघितला. चोराने धाग्याची रीत मोडली, पण कोंब पुरायची रीत त्याला मोडवली नाही. हात सवयीने चालले. आमच्या सासऱ्यांनी शिकवलेले हात.

आणि मला ते पोतं आठवलं. त्या सप्टेंबरात ओब्रेन पहाटे एक पोतं घेऊन आला होता आणि म्हणाला होता, "वहिनी, एवढी धुऊन दे, माझी कंबर धरलीय." मी ओढ्यावर बसून ती मुळं धुतली. जाडजूड, आतून पिवळीजर्द. एवढी मोठी मुळं त्याला या वर्षी कुठे सापडली, हे मनात आलं होतं. विचारलं नाही. त्या वर्षी पहिल्यांदा त्याचं पोतं जड भरलं, आणि पंधरा दिवसांनी मिलिसाव गेला. तरीही विचारलं नाही.

"उद्या मी सगळ्यांना इथे आणणार आहे," स्तोया म्हणाली. "तू फक्त खरं बोल."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तोंड शिवून बस. भाऊ आहे माझा. त्याच्या पोराचं लग्न ठरलंय." मी म्हटलं, "तुझा भाऊ आहे, पण ती मुळं मी धुतलीत." तो पाठ करून झोपला.

दुसऱ्या दिवशी सगळे वर आले. येव्राला दोघांनी धरून आणलं, येला तिच्या काठीला धरून. लोक फुलं मोजायला लागले. स्तोयाने एकेक झाड दाखवलं, गवत बाजूला करून दगड दाखवले. मग ओब्रेनकडे बघितलं.

ओब्रेन हसला. "तीन दगड काय, कोणीही ठेवेल. बकरीने ठेवले असतील."

"बकरीने माझ्याकडून मुळं धुऊन नाही घेतली," मी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. पोतं, पहाट, कंबर, सगळं. ओब्रेनने मधेच "वहिनी" अशी हाक मारली, मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

शेवटी तो बोलला. "मला वाटलं तो ओळखेल. चेमेरिकेचं दाढीवालं मूळ कोण ओळखत नाही? फार तर लोक हसतील तिला, एवढंच मनात होतं. मारायचं नव्हतं मला. आईशपथ नव्हतं."

"आणि मेल्यावर?" स्तोयाने विचारलं. "बारा वर्षं?"

ओब्रेन वळून निघायला लागला.

तेव्हा म्हातारी माणसं मधे पडली. त्यांना हेच येतं. कबूल केलं ना, झालं, आता समेट करा, दोन घरं एका डोंगरावर राहायची आहेत. आमच्यात समेटाची रीत अशी, की ज्याचं वाटोळं झालं त्याने आपल्या हाताने पेला भरून द्यायचा आणि अपराध्याने सगळ्यांसमोर तो रिकामा करायचा. पेला नाकारला तर समेट मोडला. मग त्या घरात कोणी मुलगी देत नाही, त्या घराशी कोणी बोलत नाही. ओब्रेनच्या पोराचं लग्न तर दीड महिन्यावर आलेलं.

"बरं," स्तोया म्हणाली. "तुम्हीच म्हणताय तर करू समेट." आणि तिने पिशवीतून बाटली काढली.

राकियात मुळाच्या चकत्या होत्या. ती पेला भरता भरता म्हणाली, "मूळ याच रानातलं आहे. दोघी इथे शेजारी शेजारी उभ्या आहेत, तुम्हाला दिसतंच आहे. कुठलं घेतलं ते मी सांगणार नाही."

कोणी तरी म्हणालं, "स्तोया, असं नसतं गं." ती म्हणाली, "रीत तुम्ही काढलीत. पेल्यात काय घालायचं हे रीतीत कुठे सांगितलंय?"

ओब्रेनने बायकोकडे बघितलं, पोराकडे बघितलं. मग पेला घेतला आणि संपवला. कडू होतं, ते त्याच्या तोंडावरूनच कळलं. चेमेरिकाही कडूच असते.

"आता बस," स्तोया म्हणाली. मिलिसावचं मनगटी घड्याळ तिने हातात घेतलं. "मिलिसावला तीन तास लागले. आपण सगळे मिळून बसू."

आणि लोक बसले. उठून जायची कोणाची हिंमत झाली नाही. डॉक्टर खाली गावात, गाडी आणायला जायचं तर दोन तास. ओब्रेनचा पोरगा धावत सुटला, तरी सगळ्यांना माहीत होतं की उपयोग नाही. मला काय वाटत होतं ते सांगते, लाज नाही वाटत मला. मला बरं वाटत होतं.

पहिल्या तासात ओब्रेन नुसता घामाघूम होता. मग म्हणाला, तोंड बधिर होतंय. मग म्हणाला, हात गार पडले. त्याने स्वतःची नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. झुडपामागे जाऊन ओकून आला. त्याची बायको स्तोयाच्या पाया पडली. स्तोयाने पाय आखडून घेतले.

"स्तोया," तो रांगत आल्यासारखा पुढे आला, "सांग ना. एवढंच सांग. यात काय होतं?"

"मिलिसावनेही मला हेच विचारलं होतं," ती म्हणाली. "शब्द न शब्द हेच. स्तोया, यात काय होतं? मी सहा दिवसांची बाळंतीण. मला माहीत नव्हतं रे. मी काय सांगणार होते? तो मरेपर्यंत विचारत होता."

ओब्रेन रडायला लागला. मोठा, पांढऱ्या मिशांचा माणूस, नाक गळेपर्यंत रडला. स्तोया घड्याळ बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मला बारा वर्षांत पहिल्यांदा समाधान दिसलं. कोणाला वाईट दिसेल ते. मला दिसलं नाही.

दोन तास झाले.

तेव्हा येला उठली. बारा वर्षांची काटकुळी पोर. आजीच्या शेजारून उठली, माणसांच्या मधून चालत आली, स्तोयाच्या पुढ्यातली बाटली उचलली आणि तोंडाला लावली. दूध सुटल्यापासून आईच्या हातचा पहिला घोट, आणि तोही चांगला मोठा. येव्रा म्हातारी किंचाळली. माझ्या शेजारच्या बाईने माझा दंड इतका आवळला की आठवडाभर काळा-निळा होता.

स्तोया जागची हलली नाही. धावली नाही, बाटली हिसकावली नाही. तिथेच सगळ्यांना उत्तर मिळालं.

पोरीला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ओब्रेन तिच्याकडे आ वासून बघत होता. मग त्याने एकदम मोठा श्वास घेतला, पाण्यात बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा. त्याचे गार पडलेले हात तेवढ्यातच बरे झाले असावेत, कारण तो त्याच हातांनी गवत धरून उठला. बायकोने त्याला धरलं आणि दोघं उतरून निघून गेले. त्याच्या पाठीमागे लोकही उठले. कोणी त्याच्या बरोबरीने चाललं नाही.

स्तोया मात्र लेकीवर भडकली. खरंच भडकली.

"अजून एक तास होता," ती म्हणाली. "बारा वर्षं मी त्या तीन तासांवर जगले. तुला एक तास दम धरवला नाही?"

येला ठसका आवरत, मनगटाने तोंड पुसत म्हणाली, "तीन तासांनी कोणीही प्यायलं असतं, आई."